पोट भरलंय, तरी हात थांबत नाही: बिंज ईटिंग म्हणजे काय आणि त्यातून बाहेर कसं पडायचं?

हिवाळा आला की वरणगाव-भुसावळ पट्ट्यात शेतांमध्ये भरीत पार्ट्या सुरू होतात. कपाशीच्या काड्यांवर भाजलेली वांगी, हिरवी मिरची, कांद्याची पात आणि सोबत कळण्याची भाकरी. चार घास जास्तच जातात. पण दुसऱ्या दिवशी त्याची कुणाला लाज वाटत नाही. उलट पुढची पार्टी कधी, याची चौकशी सुरू होते.

आता दुसरं चित्र बघा. रात्रीचे साडेअकरा वाजलेत, घरातले सगळे झोपलेत. दिवसभर डाएट म्हणून काकडी आणि एका पोळीवर राहिलेलं कुणीतरी स्वयंपाकघरात उभं आहे. शेवेचं पाकीट, उरलेला भात, डब्यातले लाडू, मुलांची बिस्किटं. भूक केव्हाच भागली आहे, चवही लागत नाही, तरी हात थांबत नाही. मग रिकामं पाकीट कचऱ्यात खाली दडपायचं आणि ठरवायचं, 'उद्यापासून एकदम कडक डाएट!'

हे दुसरं चित्र ओळखीचं वाटत असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

बिंज ईटिंग म्हणजे नेमकं काय?

थोड्या वेळात, साधारण दोन तासांच्या आत, इतर लोक खातील त्यापेक्षा खूप जास्त खाणं आणि ते खाताना स्वतःवर ताबा नसल्यासारखं वाटणं, याला बिंज ईटिंग म्हणतात. यातली ताबा सुटण्याची गोष्ट महत्त्वाची. लग्नात पंगतीला बसून दोन मांडे जास्त खाल्ले, तर ते बिंज नव्हे.

अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट स्टंकार्ड यांनी १९५९ मध्ये अशा खाण्याचं वर्णन केलं होतं. पण स्वतंत्र आजार म्हणून त्याला मान्यता मिळायला २०१३ साल उजाडलं. त्या वर्षी अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या निदान-पुस्तिकेत 'बिंज ईटिंग डिसऑर्डर' हे नाव समाविष्ट केलं.

आठवड्यातून किमान एकदा, असं तीन महिने होत असेल आणि त्याचा मनाला त्रास होत असेल, तर डॉक्टर या आजाराचा विचार करतात. त्यासोबत पुढच्या पाचपैकी किमान तीन गोष्टी असाव्या लागतात:

- नेहमीपेक्षा खूप भराभर खाणं
- पोट दुखेपर्यंत, अस्वस्थ होईपर्यंत खाणं
- भूक नसताना भरपूर खाणं
- लाज वाटते म्हणून एकट्याने, लपून खाणं
- खाऊन झाल्यावर स्वतःचा राग, किळस किंवा अपराधीपणा वाटणं

खाल्लेलं बाहेर काढण्यासाठी मुद्दाम उलटी करणं, जुलाबाच्या गोळ्या घेणं असे प्रकार वारंवार होत असतील, तर तो बुलिमिया हा वेगळा आजार असू शकतो. त्यात डॉक्टरांकडे जायला उशीर करू नये.

आणखी एक गैरसमज म्हणजे हा फक्त जाड लोकांचा किंवा फक्त बायकांचा आजार आहे. तसं नाही. वजन बेताचं असलेल्यांना आणि पुरुषांनाही तो होतो.

मनाचा ताबा कमी पडतो म्हणून होतं का?

घरात पहिलं वाक्य हेच ऐकायला मिळतं, 'जरा तोंडावर ताबा ठेव.' पण अनेकांच्या बाबतीत गडबड तिथूनच सुरू होते.

दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात एक प्रयोग झाला. अ‍ॅन्सेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ निरोगी तरुण स्वयंसेवकांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. दिवसाला साधारण १६०० कॅलरींच्या आत जेवण आणि भरपूर चालणं. थोड्याच आठवड्यांत या तरुणांच्या डोक्यात दिवसरात्र खाण्याचेच विचार सुरू झाले. काही जण तर पाककृतींची पुस्तकं जमवू लागले. पुन्हा पोटभर जेवण मिळू लागल्यावर त्यांच्यातल्या अनेकांचा खाण्यावरचा ताबा सुटला. पोट गच्च भरलं तरी भूक जात नाही, असं ते सांगायचे.

प्रयोगाआधी हे सगळे जण व्यवस्थित जेवणारेच होते. फरक पडला तो उपासमारीने. आणि आज मोबाइलवर फिरणारे बरेच डाएट चार्ट १२०० कॅलरींचे असतात!

आपल्याकडे हे फार आधीपासून माहीत आहे. 'एकादशी, दुप्पट खाशी' ही म्हण उगाच आलेली नाही. बिंज ईटिंगचं चक्र असंच फिरतं: दिवसभर कमी खाणं, संध्याकाळी ताबा सुटणं, मग पश्चात्ताप आणि त्याची भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी आणखी कमी खाणं.

अर्थात उपासमार हे एकच कारण नाही. ताण, एकटेपणा, नैराश्य, वजनावरून झालेली चेष्टा आणि आनुवंशिकता यांचाही वाटा असतो.

शिफ्टचं काम आणि रात्रीचं खाणं

वरणगावला आयुध निर्माणी आहे, जवळच दीपनगरचं वीज केंद्र आणि भुसावळचं मोठं रेल्वे जंक्शन. त्यामुळे या भागात पाळीने काम करणारी घरं खूप आहेत. झोप कमी झाली की भूक वाढवणारं घ्रेलिन हे संप्रेरक वाढतं आणि पोट भरल्याची सूचना देणारं लेप्टिन कमी होतं, असं अभ्यासांत दिसलं आहे. त्यात जेवणाच्या वेळा रोज बदलतात. नाइट करून आलेल्या माणसाला सकाळी सात वाजता गोड-तळलेलं खावंसं वाटलं, तर त्यामागे शरीराचीही कारणं असतात.

मग दोनदा जेवायचं की दर दोन तासांनी?

महाराष्ट्रात हा वाद चांगलाच रंगला होता. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगतात दिवसातून दोनदाच, ५५ मिनिटांच्या आत जेवा. ऋजुता दिवेकर यांचा भर थोड्या-थोड्या वेळाने खाण्यावर. हा वाद मुख्यतः वजन आणि मधुमेहाभोवतीचा. बिंज ईटिंगचा प्रश्न वेगळा आहे, कारण त्यात लांबलेली भूक हीच ठिणगी ठरू शकते. म्हणून ज्यांचा ताबा सुटतो, त्यांनी उपवासाचा किंवा दोनदा जेवण्याचा कोणताही प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

सुरुवात कशी करायची?

या आजारावर सर्वांत जास्त अभ्यासलेला उपचार म्हणजे सीबीटी, म्हणजेच विचार आणि वागणूक यांवर काम करणारी समुपदेशन पद्धत. ऑक्सफर्डचे मानसोपचारतज्ज्ञ ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी ती खाण्याच्या आजारांसाठी विकसित केली. तिच्यातल्या काही पायऱ्या घरीही सुरू करता येतात.

१. खाल्लं की लगेच लिहा. काय खाल्लं, किती वाजता, कुठे बसून आणि तेव्हा मनात काय होतं. कॅलरी मोजायच्या नाहीत. आठवडाभरात तुमचा धोक्याचा वेळ कोणता, हे वहीतच दिसेल.

२. ठरल्या वेळी खा. तीन जेवणं आणि मध्ये दोन-तीन छोटी खाणी. दोन खाण्यांमध्ये तीन-चार तासांपेक्षा जास्त अंतर नको. सेकंड शिफ्ट असेल तर निघण्याआधी पूर्ण जेवा, डबा न्या, खिशात फुटाणे किंवा शेंगदाणे ठेवा. केळी तर आपल्या जिल्ह्यात गल्लोगल्ली मिळतात. मधुमेह असेल किंवा गरोदर असाल, तर या वेळा डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

३. भरपाई करू नका. काल रात्री ताबा सुटला? आज सकाळचा नाश्ता तरीही करायचाच. ही पायरी सगळ्यात अवघड वाटते, पण चक्र इथेच तुटतं.

४. लाट ओसरू द्या. खाण्याची तीव्र इच्छा वाढते आणि काही वेळाने कमीही होते. तेवढ्या वेळात काय करायचं, याची यादी आधीच तयार ठेवा: अंघोळ, गल्लीत एक फेरी, मैत्रिणीला फोन.

५. वजन आठवड्यातून एकदाच करा. रोज काट्यावर उभं राहिलं की अर्ध्या किलोवरून दिवसाचा मूड ठरतो.

शेव, लाडू कायमचे बंद करण्याचीही गरज नाही. वेळा नीट बसल्या की 'बंदी' घातलेले पदार्थ हळूहळू, ताटात वाढून, सगळ्यांसोबत बसून खायला सुरुवात करायची.

सवय किती दिवसांत लागते?

'२१ दिवसांत सवय लागते' असं रील्समध्ये सांगतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली यांच्या अभ्यासात ९६ जणांच्या सवयी तपासल्या गेल्या. नवी गोष्ट अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८ पुरतील, तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. आणि मध्ये एखादा दिवस चुकला, तरी फारसा फरक पडला नाही. त्यामुळे आखाजीला मांडे आणि आमरस जास्त झाला म्हणून सगळं सोडून देण्याचं कारण नाही.

घरच्यांनी काय करावं?

'किती खातेस गं!' आणि 'अजून एक घे ना, माझ्यासाठी!' ही दोन्ही वाक्यं एकाच घरात, एकाच माणसाला ऐकू येतात. दोन्ही टाळा. नातेवाइकांसमोर वजनाचा विषय काढू नका. डबे लपवण्यापेक्षा रोज एक जेवण सोबत बसून करा. रिकामी पाकिटं सापडली तर झडती नको. 'तुला त्रास होतोय का?' एवढंच विचारा.

मदत कुठे मिळेल?

हे आठवड्यातून एकदा किंवा त्याहून जास्त होत असेल, उलटी किंवा गोळ्यांची सवय लागली असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. औषधं लागतील का, हे तेच ठरवतील. वरणगावहून जवळचा सरकारी पर्याय म्हणजे जळगावचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय. एवढं लांब जाणं जमत नसेल, तर केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेला १४४१६ वर फोन करा. ही सेवा मोफत आहे, २४ तास सुरू असते आणि मराठीतही बोलता येतं. जगणं नकोसं वाटत असेल, तर आत्ताच हा नंबर लावा.

आणि काल रात्री तुमचा ताबा सुटला असेल, तर आज सकाळचा नाश्ता चुकवू नका.