गिटारच्या पोटांतील पंखा

गिटारची वरची फळी, सतारीवर जिला तबली म्हणतात ती, अवघी दोन-अडीच मिलिमीटर जाड असते. ती जाड ठेवावी तर नाद कोंडतो. पातळ करावी तर तारांच्या ताणानें ती वांकते. या पेंचांतून सुटण्यासाठींच तिला आंतून लांकडी पट्ट्या चिकटवितात.

पंख्यासारख्या पसरलेल्या पट्ट्या स्पेनमध्यें अठराव्या शतकांतच आल्या होत्या. पण त्यांस नेमकें प्रमाण दिलें अंतोनियो दे तोरेस यानें. हा १८१७ सालीं आल्मेरियाजवळ जन्मला, मूळचा सुतार. त्यानें तबली मोठी, पातळ व किंचित् घुमटाकार केली आणि तिच्याखालीं बहुधा सात पट्ट्या बसविल्या. नाद मुख्यतः तबलीचा, पाठीचा व कुशींचा नव्हे, हें दाखविण्यासाठीं १८६२ सालीं त्यानें पाठ आणि कुशी चक्क पुठ्ठ्याच्या केल्या! लांकडावर पोट भरणाऱ्यानेंच असें करावें, याची मला मोठी मौज वाटते. तें वाद्य बार्सिलोनाच्या संगीत-संग्रहालयांत जपून ठेविलें आहे.

अमेरिकेंत मूळच्या जर्मन मार्टिननें १८४० नंतरच्या दशकांत पट्ट्यांची फुली योजिली. तेव्हां गिटारवर तांत असे. विसाव्या शतकांत पोलादी तारा रूढ झाल्या, आणि त्यांचा जबर ताण त्या फुलीनें पेलला.

हातानें गिटार घडविणारा आजही आधीं पंखा कीं फुली हें ठरवितो. मग पट्टी थोडी तासावी, तबलीवर बोटानें ठोकून ऐकावें, पुन्हां तासावी. अधिक तासली गेली, तर ती काढून नवी बसवावी लागते.