केसपेपर कोणाचा?

वडनेर भोलजी हे बुलढाणा जिल्ह्याच्या नांदुरा तालुक्यातील महामार्गावरचे गाव. येथील माणसाचे दुखणे गावच्या औषधाला दाद देईनासे झाले, की त्याला नांदुऱ्याला वा मलकापूरला नेतात; तेथून खामगाव, बुलढाणा आणि अखेर अकोला. प्रत्येक मुक्कामी नवा डॉक्टर, नवी तपासणी, नवा कागद. रोगी बरा होऊन परतला तर ते कागद पिशवीत घालून खुंटीला टांगले जातात व विसरले जातात. तो परतला नाही, आणि पुढे कोणी जाणकार म्हणाला की हा रोग पहिल्याच आठवड्यात ओळखता आला असता, तर घरची माणसे तीच पिशवी पुन्हापुन्हा उपसतात. तेव्हा ध्यानात येते की तिच्यात आहेत त्या केवळ चिठ्ठ्या, पावत्या आणि तपासणीचे अहवाल. रुग्णाच्या खाटेशी तासातासाला जे लिहिले गेले, ते रुग्णालयातच राहिले आहे.

ते मागण्याचा अधिकार घरच्यांना आहे काय? आज याचे उत्तर ‘होय’ असे आहे. मात्र हे उत्तर आपल्याला आयते मिळालेले नाही. त्यामागे काही शोकाकुल कुटुंबांची फार जुनी विचारणा आहे.

6 मे 1953 च्या सायंकाळी रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर आनंद गोडबोले या वीस वर्षांच्या तरुणाच्या डाव्या मांडीचे हाड मोडले. गावच्या डॉक्टरांनी पाय फळ्यांनी बांधून दिला आणि पुण्यास नेण्याचा सल्ला दिला. मोटारीने सुमारे दोनशे मैलांचा प्रवास करून 9 मे रोजी त्याला पुण्यात आणण्यात आले. आधी एका रुग्णालयात नेऊन नंतर दुसऱ्या खासगी रुग्णालयात दाखल केले. वडील त्र्यंबक गोडबोले स्वतः डॉक्टर. दौंडला त्यांचा व्यवसाय होता. सायंकाळपर्यंत मुलगा पूर्ण शुद्धीवर येईल, असे आश्वासन मिळाल्यावर ते दौंडला परतले. त्याच रात्री नऊच्या सुमारास मुलगा गेला.

मृत्यूच्या दाखल्यावर कारण लिहिले होते, ‘फॅट एम्बॉलिझम’. म्हणजे मोडलेल्या हाडातील चरबी रक्तप्रवाहात शिरून अडथळा होणे. असे घडू शकते. वैद्यकशास्त्राला ते ठाऊक आहे. पण वडिलांना तो कागद पटला नाही. पूर्ण भूल न देता, केवळ मॉर्फियाच्या अमलाखाली पाय जोराने ओढून हाड बसवले आणि त्या धक्क्याने मुलगा दगावला, असे त्यांचे म्हणणे होते. पुण्याच्या न्यायालयाने ते मान्य करून तीन हजार रुपयांची भरपाई ठरवली, उच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला आणि 2 मे 1967 रोजी सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांचे अपील फेटाळले. कायद्याच्या ग्रंथांत हा खटला ‘लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्र्यंबक बापू गोडबोले’ या नावाने आजही वाचला जातो. दाखला वाचून त्यावर शंका घेऊ शकेल असा बाप त्या मुलाला होता. ज्याला ‘एम्बॉलिझम’ हा शब्दही वाचता येत नाही, त्या बापाने काय करावे?

दुसरे प्रकरण आपल्या अधिक जवळचे आहे. बुलढाणा जिल्ह्याला लागूनच औरंगाबाद जिल्हा, म्हणजे आजचा छत्रपती संभाजीनगर. तेथील सरकारी रुग्णालयात 10 जुलै 1963 रोजी चंद्रिकाबाई खोडवा यांना मुलगा झाला. 13 जुलैला कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर ताप, वेदना व सूज सुरू झाली. पती अच्युतराव यांनी दुसऱ्या शल्यविशारदाला बोलावून पत्नीला दाखवले. पोट पुन्हा उघडून पाहावे, असे त्यांचे मत पडले. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना ते मान्य झाले नाही. 19 तारखेला अखेर पोट उघडले, तेव्हा आत रक्त टिपण्याचा टॉवेल राहिलेला आढळला. 24 जुलैला चंद्रिकाबाई वारल्या. जन्मलेले मूल तेव्हा दोन आठवड्यांचे होते.

न्यायालयात पुढे जो युक्तिवाद झाला, तो वाचताना मन विषण्ण होते. टॉवेल राहिला हे खरे, पण मृत्यू त्यामुळेच झाला कशावरून? आणि सरकारी रुग्णालयातील चुकीला शासन जबाबदार कसे? खालच्या न्यायालयाने दिलेली 36,000 रुपयांची भरपाई उच्च न्यायालयाने रद्द केली. 20 फेब्रुवारी 1996 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा मान्य केली. ते दोन आठवड्यांचे मूल एव्हाना बत्तीस वर्षांचे झाले होते! टॉवेल आत राहणे हाच निष्काळजीपणाचा पुरावा आहे, आणि रुग्णालय चालवणे हे शासनाचे असे काम नव्हे की ज्याच्या आड त्याला लपता यावे, असे न्यायालयाने सांगितले. त्याच निकालात हेही म्हटले आहे की डॉक्टरने योग्य काळजीने, आपल्या कौशल्यानुसार उपचार केले असतील तर केवळ अपयशावरून त्याला दोषी धरण्यास न्यायालयाने सहजी तयार होऊ नये. हे दुसरे वाक्य आपण पुष्कळदा विसरतो. निदान चुकले म्हणजे डॉक्टर अपराधी ठरला असे नव्हे. रोग पहिल्या दिवसांत वेषांतर करून येतो, ही वैद्यकातील जुनी अडचण आहे. प्रश्न एवढाच असतो की, लक्षणे बदलली तेव्हा कोणी पाहिले काय, आणि पाहून काय केले. याचे उत्तर केसपेपरशिवाय कोठेच मिळत नाही.

1996 मध्येच मुंबई उच्च न्यायालयाने रघुनाथ रहेजा विरुद्ध महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल या प्रकरणात स्पष्ट केले, की रुग्णाला वा त्याच्या नातलगांना केसपेपरच्या प्रती देताना रुग्णालयाला गोपनीयतेची सबब सांगता येणार नाही. इंग्लंडमध्ये यासाठी 1990 साली स्वतंत्र कायदाच झाला होता. आपल्याकडे भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या नियमावलीने मागणी आल्यावर 72 तासांत कागद देण्याचे बंधन घातले. सरकारी रुग्णालयासाठी 2005 च्या माहिती अधिकार कायद्याचाही उपयोग होतो.

आपल्या समाजातील कितीतरी घरांत परिचारिका आहेत. त्यांना हे विशेष ठाऊक असेल. डॉक्टरांची टिपणे बहुधा घाईत लिहिलेली, दुर्बोध असतात. रात्री दोनला ताप किती, नाडी किती, डॉक्टरांना केव्हा कळवले, ते केव्हा आले, हे लिहून ठेवते ती परिचारिका. म्हणून प्रती मागताना केवळ डिस्चार्ज कार्डावर समाधान मानू नये. ताप-नाडीचा तक्ता, परिचारिकेच्या नोंदी, औषधांचा तक्ता, संमतिपत्र आणि तपासण्यांचे मूळ अहवाल, असे नावानिशी लिहून लेखी अर्ज द्यावा व त्याची पोच घ्यावी. वडनेरसारख्या गावाहून रोगी तीन ठिकाणी फिरला असेल तर तिन्ही ठिकाणी अर्ज द्यावे लागतात, कारण पहिल्याने काय पाहिले हे तिसऱ्याच्या कागदात क्वचितच उतरते.

दुःखात माणसे वर्ष-दीड वर्ष थांबतात, आणि ते स्वाभाविक आहे. परंतु दाखल झालेल्या रुग्णाचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपण्याचेच बंधन त्या नियमावलीत आहे, आणि ग्राहक आयोगाकडे तक्रार नेण्याची सर्वसाधारण मुदत दोन वर्षांची.