अपंगत्व पेन्शनचे अपील (माजी सैनिक, सातारा-सांगली)

सेवेत जडलेला आजार किंवा झालेली दुखापत सैन्यसेवेमुळे उद्भवली वा बळावली हे नाकारले गेल्यास, अथवा अपंगत्वाची टक्केवारी कमी धरल्यास माजी सैनिकाने मागितलेली दाद. या भागाचे सैन्याशी नाते जुने आहे. पहिल्या महायुद्धात ४६ जवान गमावलेले अपशिंगे (मिलिटरी) हे गाव सातारा तालुक्यातले. १९६५च्या युद्धात जायबंदी होऊन १९७२च्या हायडलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये जलतरणात सुवर्णपदक जिंकणारे मुरलीकांत पेटकर सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे. रणांगणातल्या जखमेचा सेवेशी संबंध सहसा कोणी नाकारत नाही. वाद होतो तो रक्तदाब, मधुमेह, मानसिक आजार अशा न दिसणाऱ्या दुखण्यांवर.

निवृत्तीवेळी मेडिकल बोर्ड हा संबंध आणि टक्केवारी ठरवते. संबंध मान्य होऊन अपंगत्व २० टक्के वा अधिक भरले, तर १०० टक्क्यांना शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के या प्रमाणात रक्कम मिळते. युद्धजखमेचा दर वेगळा. ५०च्या आतली टक्केवारी ५० धरण्याचा लाभ पूर्ण मुदत सेवा केलेल्यांनाही सर्वोच्च न्यायालयाने राम अवतार खटल्यात (२०१४) दिला. त्यामुळे ४० टक्के अपंगत्व असलेल्याला वेतनाच्या १२ऐवजी १५ टक्के मिळतात.

नकार कळल्यापासून सहा महिन्यांत पहिले अपील आपल्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसमार्फत करायचे. मराठा लाइट इन्फंट्रीचे हे कार्यालय बेळगावला आहे. मग दुसरे अपील, त्यानंतर २००७च्या कायद्याने स्थापन झालेल्या सशस्त्र दल न्यायाधिकरणाचे मुंबई खंडपीठ. अर्जासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची मदत घेता येते.

सर्वांत मोठा आधार धरमवीर सिंग निकालाचा (२०१३). भरतीवेळी नोंद नसलेला आजार सेवेतच उद्भवला असे मानावे, संशयाचा फायदा जवानाला द्यावा आणि उलट मत असल्यास बोर्डाने कारणे लिहावीत, असे त्यात ठरले. म्हणून अपिलाआधी बोर्डाच्या कार्यवाहीची प्रत हाती हवीच. सियाचीन-राजस्थानात वर्षे काढलेल्या माणसाच्या हक्काचा निकाल ‘सेवेशी संबंध नाही’ एवढ्या शेऱ्यावर लागणे अन्यायाचे आहे, आणि कारणे नसलेला असा शेरा हाच अपिलाचा सर्वांत भक्कम मुद्दा ठरतो. २१ सप्टेंबर २०२३पासून निवृत्त होणाऱ्यांना मात्र नवे नियम लागू आहेत. जुन्यांनी त्या नियमांना घाबरून थांबू नये.

उशीर झाला म्हणून पेन्शनचा हक्क आपोआप बुडत नाही. पण तरसेम सिंग निकालानुसार (२००८) थकबाकी सहसा दाव्याआधीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते.