कृष्णा पाणीतंटा : हक्काचे आकडे आणि शेतातील पाणी

महाबळेश्वरला उगम पावणारी कृष्णा सुमारे १४०० किलोमीटर वाहत जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते. तिच्या सुमारे २ लाख ५९ हजार चौरस किलोमीटरच्या खोऱ्यापैकी २७ टक्के क्षेत्र महाराष्ट्रात, ४४ टक्के कर्नाटकात आणि उर्वरित पूर्वीच्या अविभाजित आंध्र प्रदेशात येते. मुसळधार पाऊस पडतो तो सह्याद्रीच्या अरुंद पट्ट्यात. पाण्याची निकड मात्र पूर्वेकडील अवर्षणप्रवण पठाराला आणि त्रिभुज प्रदेशातील भातशेतीला आहे. पाणीवाटपाच्या तंट्याचे मूळ या विषमतेत आहे.

पाण्याचा मोठा वापर प्रथम सुरू झाला तो नदीच्या शेवटच्या टप्प्यात. विजयवाड्याचा बंधारा १८५५ मध्ये पूर्ण झाला आणि त्रिभुज प्रदेश भिजू लागला. वरच्या भागातील योजना नंतर आल्या. १९५१ मध्ये नियोजन आयोगाच्या पुढाकाराने वाटपाचा समझोता झाला. परंतु म्हैसूरने त्याला मान्यता दिली नाही. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेने तर खोऱ्यातील सीमाच बदलल्या. अखेर त्याच वर्षीच्या आंतरराज्य नदी पाणीतंटा कायद्यानुसार केंद्राने एप्रिल १९६९ मध्ये न्या. आर. एस. बच्छावत यांच्या अध्यक्षतेखाली लवाद नेमला.

या लवादाचा निवाडा डिसेंबर १९७३ मध्ये आला आणि ३१ मे १९७६ रोजी राजपत्रात प्रसिद्ध झाला. शंभरपैकी पंचाहत्तर वर्षे हमखास मिळेल असे पाणी २०६० अब्ज घनफूट (टीएमसी) धरून महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७०० आणि आंध्रला ८०० टीएमसी पाणी देण्यात आले. सिंचनातून झिरपून नदीत परतणारे पाणी मिळवल्यावर हे वाटे अनुक्रमे ५८५, ७३४ आणि ८११ टीएमसी झाले. सप्टेंबर १९६० पूर्वीच्या वापराला लवादाने प्राधान्याने संरक्षण दिले. साहजिकच, ज्या राज्याने आधी धरणे बांधली, त्याची बाजू भक्कम ठरली. चांगल्या पावसाच्या वर्षातील उरलेले पाणी वापरण्याची मुभा आंध्रला मिळाली. मात्र त्यावर कायमचा हक्क नाही, असेही स्पष्ट करण्यात आले.

निवाड्याचा फेरविचार ३१ मे २००० नंतर करता येईल, अशी तरतूद होती. त्यातून महाराष्ट्रात एक समज रूढ झाला : २००० पर्यंत वाट्याचे पाणी अडवले नाही तर ते कायमचे जाईल. वस्तुतः एखाद्या वर्षी पाणी वापरले नाही म्हणून पुढील वर्षाचा हक्क लोप पावत नाही, असे निवाड्यातच नमूद आहे. तथापि, फेरविचारात प्रत्यक्ष वापरालाच वजन मिळेल ही भीती अगदीच अनाठायी नव्हती. १९६० चा दाखला समोर होता. १९९६ मध्ये कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले आणि कर्जरोख्यांतून निधी उभारून अनेक कामे एकाच वेळी हाती घेण्यात आली. निधी विखुरला गेला, कर्जाचा बोजा वाढला आणि २००० साल उलटून गेल्यावरही अनेक योजना अपूर्णच राहिल्या.

दुसरा पेच राज्यांतर्गत आहे. कोयनेचे ६७.५ टीएमसीपर्यंत पाणी वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवण्यास लवादाने मान्यता दिली. हे पाणी महाराष्ट्राच्याच वाट्यात मोजले जाते. मात्र खोऱ्यातील शेतीला ते परत मिळत नाही.

न्या. ब्रिजेशकुमार यांच्या अध्यक्षतेखालील दुसरा लवाद एप्रिल २००४ मध्ये नेमण्यात आला. त्याने ३० डिसेंबर २०१० रोजी एकूण २५७८ टीएमसी पाण्याचे वाटप केले. महाराष्ट्राला ६६६, कर्नाटकाला ९११ आणि आंध्रला १००१ टीएमसी मिळाले. २०१३ च्या पुढील अहवालात महाराष्ट्राचा आकडा कायम राहिला. कर्नाटकाचा ९०७ आणि आंध्रचा १००५ झाला. अलमट्टी धरणाची पाणीपातळी ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्यास कर्नाटकाला अनुमती मिळाली. सांगली-कोल्हापूरच्या महापुरांमुळे हा मुद्दा महाराष्ट्रात संवेदनशील ठरला. आंध्रच्या आव्हानानंतर सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये अंतिम निर्णय राजपत्रात प्रसिद्ध करण्यास मनाई केली. २०१४ मध्ये तेलंगण वेगळे झाले आणि चौथा वाटेकरी उभा राहिला. आंध्र व तेलंगण यांच्यातील वाटपासाठी केंद्राने ऑक्टोबर २०२३ मध्ये याच लवादाला नवी कार्यकक्षा ठरवून दिली.

लवाद राज्याच्या वापराची मर्यादा ठरवतो. ते पाणी कोणत्या तालुक्याला मिळावे, हे राज्याने ठरवायचे असते. आटपाडी, जत, कवठेमहांकाळ, सांगोला हे तालुके कृष्णेच्याच खोऱ्यातील. पण नदीची पातळी खाली आणि शेते उंचावर. टेंभू, म्हैसाळ यांसारख्या उपसा योजनांतून टप्प्याटप्प्याने पाणी वर चढवावे लागते आणि पंपांच्या विजेचा खर्च दरवर्षी भागवावा लागतो. हक्काच्या ५८५ टीएमसीपैकी या शेतांना किती पाणी मिळाले, याचे उत्तर कोणत्याही लवादाकडे नाही. ते महाराष्ट्रालाच द्यावे लागेल.