कटफ्लॉवर उत्पादकांची संघटना : आल्समेरचा अनुभव आणि आपले फूल-बागायतदार

कांदा चाळीत ठेवून भाव चढण्याची वाट पाहता येते. भात कणगीत वर्षभर राहू शकतो. फुलांचे तसे नाही. पहाटे काढलेला मोगरा दुपारपर्यंत विकला गेला नाही, तर संध्याकाळी त्याला कोणी विचारत नाही. लांब दांड्याचा गुलाब शीतगृहात काही दिवस टिकतो खरा, परंतु प्रत्येक दिवसागणिक त्याचे मोल उतरत जाते. ही गोष्ट उत्पादकाला जितकी ठाऊक असते, तितकीच समोरच्या व्यापाऱ्यालाही ठाऊक असते. फुलांच्या व्यवसायातील बहुतेक अडचणींचे मूळ येथे आहे आणि जगात ठिकठिकाणी फूल-उत्पादकांच्या संघटना उभ्या राहिल्या, त्यामागील कारणही हेच आहे.

व्यवहारात फुलांचे दोन वर्ग मानले जातात. झेंडू, शेवंती, मोगरा, सोनचाफा ही सुटी फुले वजनावर किंवा नगावर विकली जातात. गुलाब, जरबेरा, कार्नेशन, ऑर्किड, अँथुरियम ही दांड्यासह कापून जुडी बांधून विकली जाणारी फुले, म्हणजेच कटफ्लॉवर. वसईचे बागायतदार पिढ्यान् पिढ्या पहिल्या वर्गातील फुले घेत आले आहेत व पहाटेच्या गाडीने ती दादरच्या बाजारात पोहोचवत आले आहेत. प्रस्तुत लेख मुख्यतः दुसऱ्या वर्गाविषयी आहे; तथापि विक्रीच्या प्रश्नात दोघेही एकाच होडीत बसलेले आहेत, असे आम्हाला वाटते.

संघटनेचे जुने व सर्वांत मोठे उदाहरण नेदरलँड्समधील आल्समेर या गावाचे. ॲम्स्टरडॅमजवळचे हे गाव पाण्याने वेढलेले आहे. एकोणिसाव्या शतकात तेथे स्ट्रॉबेरी पिकत असे. पुढे काचगृहांतून लायलॅक व गुलाब पिकू लागले. फुले विकायची कोठे, हा प्रश्न तेव्हा तेथेही होता. उत्पादक आपापला माल घेऊन एकेकटे व्यापाऱ्यापुढे जात आणि व्यापारी सांगेल तो भाव घेऊन परतत. १९११ च्या अखेरीस तेथील उत्पादकांनी एकत्र येऊन स्वतःच्या मालकीचा लिलाव सुरू करण्याचे ठरविले. गंमत अशी, की काही आठवड्यांच्या अंतराने एकाच गावात एक सोडून दोन लिलावसंस्था निघाल्या : एक ‘ब्लूमेनलुस्ट’ आणि दुसरी ‘सेंट्राले आल्समेर्से व्हेलिंग’. गावातील दुफळी हा काही आपल्याकडचाच विशेष नाही! या दोन संस्थांचे एकत्रीकरण होण्यास १९६८ साल उजाडावे लागले. त्यानंतर १९७२ मध्ये नवी इमारत उभी राहिली आणि वाढता वाढता ती पाच लाख चौरस मीटरहून अधिक क्षेत्रफळाची झाली. २००८ मध्ये ही संस्था ‘फ्लोराहॉलंड’ या दुसऱ्या मोठ्या सहकारी संस्थेत विलीन झाली. आज ‘रॉयल फ्लोराहॉलंड’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या संस्थेची उलाढाल वर्षाला चार अब्ज युरोंच्या वर आहे. तरीही ती खासगी कंपनी नव्हे. तिचे मालक फूल-उत्पादक सभासदच आहेत.

लिलावाची पद्धत मात्र फुलांच्या आधी भाजीच्या बाजारात जन्मली. १८८७ साली ब्रुक ओप लांगेडाइक या गावी कालव्यातून होड्यांनी आलेल्या फ्लॉवरच्या गड्ड्यांचा लिलाव प्रथमच उतरत्या भावाने झाला. आपल्याकडे लिलावाची बोली चढत जाते. तेथे ती उतरत जाते. भाव प्रथम मुद्दाम उंच सांगितला जातो व मग भराभर खाली येऊ लागतो. जो खरेदीदार सर्वांआधी थांबवील, त्याला तो माल त्या भावाने मिळतो. पुढे या कामासाठी मोठ्या घड्याळासारखी तबकडी आली आणि खरेदीदाराच्या हाती कळ आली. थांबावे तर भाव आणखी उतरेल, पण तोवर दुसरा कोणी माल उचलील, या धाकामुळे खरेदीदार फार वेळ हात आखडून बसू शकत नाही. एकेक व्यवहार अवघ्या काही सेकंदांत उरकतो. पहाटे सहाच्या सुमारास सुरू होणाऱ्या या लिलावात माणसांनी भरलेल्या सज्जांचे दृश्य पाहण्यास पूर्वी पर्यटक जात. आता बहुतेक खरेदीदार आपल्या कार्यालयातूनच संगणकावर खरेदी करतात.

घड्याळाचे कौतुक सर्वत्र होते. आमच्या मते संघटनेचे खरे बळ घड्याळात नव्हे, तर त्यामागील तीन बंधनांत होते. पहिले बंधन सभासदावर : आपला सर्व माल संघटनेच्याच लिलावातून विकायचा. भाव चढा असेल त्या दिवशी बाहेर परस्पर विकायचे आणि पडेल त्या दिवशी संस्थेच्या दारात माल आणून टाकायचा, ही सोय कोणालाही नव्हती. ज्या सहकारी संस्थेत ही सोय राहते, ती संस्था फार काळ टिकत नाही, हे आपण आपल्या आसपास अनेकदा पाहिले आहे. दुसरे बंधन मालावर : दांड्याची लांबी, कळीची उमललेली अवस्था, जुडीतील नग, रोग व कीड यांचे ठरावीक निकष. निरीक्षक संस्थेचा असल्यामुळे ‘तुमचा माल हलका आहे’ असे सांगून भाव पाडण्याची संधी खरेदीदाराला उरत नाही. तिसरे बंधन पैशांवर. खरेदीदाराने रक्कम संस्थेकडे भरायची आणि संस्थेने ती उत्पादकाला द्यायची. उधारी वसूल करण्यासाठी शेतकऱ्याने व्यापाऱ्याच्या पायऱ्या झिजवायच्या नाहीत. खरेदीदार बुडाला तर ती काळजी संस्थेची. आपल्याकडील बागायतदाराला विचारून पाहावे : भाव कमी मिळाल्याचे दुःख अधिक, की पट्टी हाती येऊनही पैसे महिनोन् महिने अडकल्याचे?

अर्थात या संघटनेतही सारे काही सुरळीत नव्हते. केनियासारख्या देशांतून विमानाने स्वस्त गुलाब येऊ लागले, तेव्हा डच उत्पादकांनी आपल्याच संस्थेवर दबाव आणून परदेशी फुलांच्या लिलावावर निर्बंध घातले. परिणाम उलटा झाला. पूर्व आफ्रिकेतील फुलांच्या आयातदारांनी १९९५ मध्ये ‘टेली फ्लॉवर ऑक्शन’ नावाचा स्वतंत्र संगणकीय लिलाव सुरू केला आणि माल तिकडे वळू लागला. पुढे निर्बंध सैल झाले व आफ्रिकेतील उत्पादकही सभासद होऊ लागले. आज तर संस्थेच्या उलाढालीतील निम्म्याहून अधिक भाग घड्याळावर न होता उत्पादक व खरेदीदार यांच्यातील थेट करारांतून होतो आणि संस्था मुख्यतः वाहतूक व वसुलीचे काम पाहते. मोठे उत्पादक व लहान उत्पादक यांचे हितसंबंध एकच आहेत का, हा प्रश्न त्यामुळे तेथे वारंवार डोके वर काढतो.

संघटनेचे आणखी एक काम म्हणजे प्रसिद्धी. एकट्या शेतकऱ्याला जगभर जाहिरात करणे कसे परवडावे? आपल्या वाचकांना परिचित असलेले एक उदाहरण देतो. ईस्टरच्या दिवशी रोम येथील संत पीटर चौक हजारो ट्यूलिप, डॅफोडिल व हायसिंथ फुलांनी सजलेला आपण दूरदर्शनवर पाहतो. ही फुले नेदरलँड्सहून येतात. १९८५ साली कार्मेलाइट धर्मगुरू टायटस ब्रँड्स्मा यांना धन्य घोषित करण्यात आले, त्या सोहळ्यासाठी डच फूलसजावटकारांनी फुले नेली आणि १९८६ च्या ईस्टरपासून ही परंपरा सुरू झाली. पोपमहोदय दुसरे जॉन पॉल यांनी डच भाषेत मानलेले आभार त्या देशात म्हणीसारखे प्रसिद्ध झाले. यामागे भक्तिभाव आहे, तसाच व्यवसायाचा शहाणपणाही आहे, आणि त्यात काही वावगे आहे असे आम्हाला वाटत नाही.

२०२० च्या ईस्टरला मात्र ती फुले गेली नाहीत. चौकही रिकामाच होता. त्या वर्षी मार्चच्या मध्यास करोना महामारीमुळे युरोपातील बाजार अचानक बंद पडले आणि आल्समेरच्या लिलावातील बरीच फुले नष्ट करावी लागली. संस्थेने तातडीने लिलावात येणाऱ्या मालावर मर्यादा घातली, म्हणजे नुकसान काहींच्याच माथी न पडता सर्वांमध्ये विभागले जावे. त्याच सुमारास, २५ मार्च रोजी, आपल्याकडे टाळेबंदी सुरू झाली. तो गुढीपाडव्याचा दिवस होता. देवळे, चर्चेस, लग्नसमारंभ सारे बंद. ऐन सणाचा झेंडू शेतात आणि लग्नसराईचा जरबेरा पॉलीहाऊसमध्ये उभा राहिला. अनेकांनी उभ्या पिकावर ट्रॅक्टर फिरविला. तोटा दोन्हीकडे झाला. फरक एवढाच, की तेथे तो वाटून घेणारी व्यवस्था होती आणि येथे प्रत्येकाने तो आपापल्या बांधावर सोसला.

आपल्या राज्यात कटफ्लॉवरचे प्रमुख केंद्र पुणे जिल्ह्यातील मावळ तालुका हे होय. १९९१ च्या आर्थिक उदारीकरणानंतर पुणे, बंगळूर व हैदराबाद परिसरात संपूर्ण निर्यातीसाठी मोठमोठे पुष्पोद्यान प्रकल्प निघाले. विमानभाडे, शीतसाखळीचा अभाव आणि युरोपातील बाजाराचा अपुरा अनुभव यांमुळे त्यांपैकी कित्येक मोडीत निघाले. पुढे औद्योगिक विकास महामंडळाने तळेगाव येथे पुष्पोद्यान वसविले आणि राज्य कृषी पणन मंडळाने तळेगाव दाभाडे येथे प्रशिक्षण केंद्र सुरू केले. येथे शिकलेल्या लहान शेतकऱ्यांनी दहा-वीस गुंठ्यांवर पॉलीहाऊस उभारले. ‘टॉप सीक्रेट’, ‘ताजमहाल’ या जातींचे तांबडे गुलाब जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत व्हॅलेंटाइन दिनासाठी परदेशी जातात आणि त्यानंतर उरलेला हंगाम देशातील बाजारांवर काढावा लागतो. वर्षाचे गणित असे दोन आठवड्यांवर लटकलेले असते.

पवना खोऱ्यातील उत्पादकांचा संघ तसेच राष्ट्रीय पातळीवरील काही संस्था या उत्पादकांसाठी काम करतात. विमानभाडे, वीजदर, पॉलीहाऊसचे अनुदान, वादळाने फाटलेल्या प्लास्टिक आच्छादनाची भरपाई, हे त्यांचे नेहमीचे विषय. अलीकडे त्यांनी प्लास्टिकच्या फुलांचा प्रश्न धरून ठेवला आहे. ‘ग्रोअर्स फ्लॉवर्स कौन्सिल ऑफ इंडिया’ या संस्थेने २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली आणि जुलै २०२५ मध्ये राज्याच्या फलोत्पादन मंत्र्यांनी अशा फुलांवर बंदी आणण्याचे आश्वासन विधानसभेत दिले. एकटा शेतकरी ना उच्च न्यायालयात जाऊ शकला असता, ना विधानसभेपर्यंत.

येथे एक गोष्ट आपल्या घरची म्हणून नमूद करावीशी वाटते. वेदीच्या सजावटीविषयी रोमन मिस्साग्रंथाच्या सर्वसाधारण सूचनांत स्पष्ट मार्गदर्शन आहे : फुले माफक असावीत, ती वेदीवर न ठेवता वेदीच्या सभोवती ठेवावीत आणि उपवासकाळात, चौथा रविवार व महत्त्वाचे सण वगळता, ती ठेवूच नयेत. प्लास्टिकची फुले हा हिशेब पाळू शकत नाहीत. ती बाराही महिने धूळ खात तेथेच असतात. बाहेर बागेत बागायतदाराचा चाफा भावाअभावी गळून पडत असताना आत नायलॉनचा गुलाब ठेवणे आम्हाला खटकते.

तथापि मागण्या मांडणारी संघटना आणि माल विकणारी संघटना या दोन भिन्न गोष्टी आहेत. महाराष्ट्रात पहिल्या प्रकारची कमतरता नाही. दुसऱ्या प्रकारची आहे. बंगळुरात घड्याळाचा संगणकीय लिलाव चालविण्याचा प्रयत्न झाला. आपल्याकडील उत्पादक मात्र अद्याप मुख्यतः अडत्यावर अवलंबून आहे. अडत्या हा नेहमीच खलपुरुष असतो असे नव्हे. अडीअडचणीला तोच उचल देतो, मुलीच्या लग्नाला तोच धावून येतो; आणि म्हणूनच त्याला सोडून संघात येणे शेतकऱ्याला जड जाते. उचल देण्याची काही सोय संघाने केली नाही, तर वर सांगितलेले पहिले बंधन कोणी पाळणार नाही.

कायद्याची वाट तुलनेने सोपी आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० अन्वये निरनिराळ्या कुटुंबांतील किमान दहा व्यक्तींना सहकारी संस्था नोंदविता येते. २००२ च्या दुरुस्तीने कंपनी कायद्यात उत्पादक कंपनीची तरतूद झाली असून तिलाही किमान दहा उत्पादक पुरेसे असतात. व्यक्ती सभासद असलेल्या अशा कंपनीत भाग कितीही असले, तरी मत प्रत्येकी एकच. नोंदणीपूर्वी सभासदांनी आपसात तीन गोष्टी लेखी ठरवून घ्याव्यात, असे आम्ही सुचवू : कोणता माल संघाबाहेर विकता येणार नाही, प्रतवारी कोण करील आणि पैसे किती दिवसांत मिळतील.