ड्यूक एलिंग्टन यांचें अपयशी संगीत नाटक

नुसत्या उत्तम चालींवर संगीत नाटक तरत नाहीं, हें मराठी वाचकांस सांगावयास नकोच. अमेरिकेंतील थोर संगीतकार व जाझ वाद्यवृंदाचे नायक ड्यूक एलिंग्टन (१८९९–१९७४) यांसहि हा अनुभव घ्यावा लागला. तो वृत्तांत बोधप्रद वाटल्यावरून आम्ही येथें थोडक्यांत देतों.

एलिंग्टन हे कृष्णवर्णीय होते. रंगभूमीवर आपल्या लोकांची जी हेटाळणी चाले ती बंद पडावी, या हेतूनें १९४१ सालीं लॉस एंजलिस शहरीं त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं 'जंप फॉर जॉय' हा संगीतप्रयोग केला. तो तेथें कांहीं आठवडे चालला. परंतु नाट्यव्यवसायाचें केंद्र जें न्यूयॉर्कचें ब्रॉडवे, तेथवर पोहोंचला नाहीं.

ब्रॉडवेवर त्यांचें नाटक आलें तें २६ डिसेंबर १९४६ रोजीं. त्याचें नांव 'बेगर्स हॉलिडे'. जॉन गे या इंग्रज लेखकाच्या १७२८ सालच्या नाटकावरून जॉन लाटूश यांनीं तें रचिलें होतें. अमेरिकेच्या दक्षिण भागांत कायद्यानें व इतरत्र रूढीनें वर्णभेद पाळला जात असतां, दोन्ही वर्णांच्या नटनटींनीं एकाच रंगमंचावर, प्रणयप्रसंगांतहि, बरोबरीनें वावरावें, हें मोठेंच धाडस होय. निर्मात्यांपैकीं पेरी वॉटकिन्स हेहि कृष्णवर्णीयच होते.

मग नाटक पडलें कां? संगीताची वाखाणणी झाली, पण संहिता विस्कळीत राहिली. दिग्दर्शक निकोलस रे यांच्या जागीं मध्येंच जॉर्ज अॅबट यांस आणावें लागलें. आणखी एक कारण आम्हांस विशेष महत्त्वाचें वाटतें. नवें नाटक तालमींत रोज बदलत असतें. एखादें पद गाळावें, नवें घालावें, चाल फिरवावी, याकरितां संगीतकार जवळ हवा. एलिंग्टन तर वाद्यवृंदासह गांवोगांवीं फिरत होते. वर्षभर वृंद बाळगून वादकांचे पगार भागविणें हा त्यांचा नियम. त्यापायीं स्वतःच्या गीतांचें उत्पन्नहि ते खर्चीत. म्हणून नाट्यगृहांतील पुष्कळसें काम त्यांचे सहकारी बिली स्ट्रेहॉर्न यांनीं निभावलें. अखेर १११ प्रयोगांनंतर, २९ मार्च १९४७ रोजीं, नाटक बंद झालें. पुढें १९६६ सालीं आलेलें 'पूस-काफे' तर अवघ्या ३ प्रयोगांत आटोपलें.

परंतु ज्या वादकांस त्यांनीं अंतर दिलें नाहीं, त्यांचा वृंद टिकला. त्या वृंदासह ते १९६३ सालीं मुंबईस येऊन गेले, आणि १९६५ सालीं सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्रेस कॅथीड्रलमध्यें त्यांनीं भक्तिसंगीत सादर केलें. मनुष्याचें अपयश मोजतांना तो त्या वेळीं कोणाचा भार वाहत होता, हेंहि पाहिलें पाहिजे, एवढेंच आमचें सांगणें.