सांध्याचं पाणी

मंडळी, केळापुरात येऊन आम्ही रणगाड्यांवर बोलणार म्हटल्यावर काहींच्या भुवया उंचावल्या. तत्त्वज्ञानाच्या मास्तराला चिलखताशी काय देणंघेणं? पण विषय सांध्याचा आहे, आणि सांध्याची चर्चा आमच्याकडे फार जुनी. वैशेषिकांनी दोन संबंध वेगळे काढले. दोन वस्तू जवळ आल्या, उद्या सुटतील, तो संयोग. धागे आणि त्यांचं कापड यांचा तो समवाय. तो वस्तू मोडल्याशिवाय सुटत नाही.

जुन्या रणगाड्यांत पत्रे रिव्हेट मारून जोडत. उघड संयोग! गोळा पत्र्यातून पार झाला नाही तरी धक्क्याने रिव्हेट तुटायचं आणि आतल्या माणसालाच लागायचं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रिव्हेट मागे पडलं, वेल्डिंग आलं. काहींनी सांधाच टाळला: १९६५ च्या युद्धात आपल्यासमोर आलेल्या पॅटनपैकी एम-४८ चं धूड एकसंध ओतलेलं. पण ओतीव पोलाद तेवढ्याच जाडीच्या लाटीव पोलादाइतकं गोळ्याला अडवत नाही. तेव्हा पुन्हा पत्रा, पुन्हा सांधा.

आता गावातल्या लोहाराकडे चला. कुऱ्हाडीला तो पाणी देतो, म्हणजे लाल तापवून झटकन थंड करतो. तीच कुऱ्हाड पुन्हा विस्तवात राहिली की पाणी उतरतं, धार मऊ पडते. चिलखताच्या अतिकठीण पोलादाला असंच पाणी दिलेलं असतं. त्याची कठीणता ब्रिनेल मापाने ५०० च्या आसपास. वेल्डिंगचा चाप पेटला की सांध्यालगतच्या पट्ट्यातलं पाणी उतरतं. पत्रा तोच, जाडी तीच, पण त्या पट्ट्यात गोळी आत शिरते. म्हणून ही मऊ पट्टी सांध्याच्या मध्यरेषेपासून सुमारे १६ मिलिमीटरच्या पुढे जाऊ नये, असं अमेरिकी लष्करी मानक सांगतं.

मग उष्णता कमी द्या, झालं! इतकं सोपं असतं तर आम्ही कशाला बोललो असतो? पटकन थंड होणारा सांधा ठिसूळ होतो. त्यात वेल्डिंगच्या कांडीला ओल असेल तर हायड्रोजन शिरतो आणि काम संपल्यावर तासांनी, कधी दिवसांनी तडा जातो. तो टाळायला ऑस्टेनिटिक स्टेनलेस पोलादाची कांडी वापरतात. ती हायड्रोजन पोटात घेते, तडा जाऊ देत नाही. पण स्वतःच मऊ. तडा नको म्हणून सांधा मऊ करायचा आणि मऊ सांध्यातून गोळी जाऊ द्यायची, असा हा पेच.

आपल्या शेजारून जाणारा नागपूर-हैदराबाद महामार्ग जिथे पोचतो, तिथल्या संरक्षण धातुकर्म संशोधन प्रयोगशाळेत जी. मधुसूदन रेड्डी, टी. मोहनदास आणि सहकाऱ्यांनी या पेचावर काम केलं; १९९० च्या दशकाअखेरीस ते प्रसिद्ध झालं. मऊ सांधा मऊच ठेवायचा, पण त्यात कठीण धातूचा थर चढवायचा. गोळीला तो थर अडवतो, तड्याला मऊ धातू. आम्हाला यात गंमत वाटते ती ही, की त्यांनी समवायाचा हट्ट सोडला. सांधा पत्र्यासारखा होणार नाही, हे मान्य केलं, आणि वेगळ्या धातूंना वेगवेगळी कामं वाटून दिली. कष्ट वाढतात, थर चढवायला वेळ लागतो, कठीण थर स्वतः तडकू शकतो. म्हणून चाचणीत नुसत्या पत्र्यावर गोळी झाडून भागत नाही. ती सांध्यावर झाडावी लागते, आणि सांध्याच्या शेजारच्या त्या पट्टीवरही.